नैराश्यातून सावरताना तुमच्यात काय बदलले? (अनुभव धागा)

नैराश्याच्या लक्षणांविषयी आता मराठीत बरेच वाचायला मिळते, पण सावरल्यानंतर माणूस कसा जगू लागतो याविषयी क्वचितच कोणी लिहिते. म्हणून हे निमंत्रण. दुःख माणसाला घडवते, हे मला पटत नाही. आजाराने माझी झोप, भूक आणि वाचनाची आवड नेली. जे मिळाले ते उपचार घेताना मिळाले. डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतले, मग गोळ्या सुरू केल्या. गुण यायला २ ते ६ आठवडे लागू शकतात आणि बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी आईलाही समोर बसवून सांगितले. समुपदेशक ताईंनी दिलेले काम अगदी साधे होते: इच्छा होण्याची वाट न पाहता आंघोळ, कुंड्यांना पाणी, कोपऱ्यापर्यंत चालणे, एवढे ठरल्या वेळी करायचे आणि नंतर कसे वाटले ते वहीत लिहायचे. आधी उत्साह आणि मग कृती, हा माझा जन्मभराचा समज त्या वहीने बदलला. अवघड कामाला आजही मी तसाच हात घालते.

प्रतिसाद, कोल्हापूर :
बाळंतपणानंतरचे रडू बहुधा पंधरा दिवसांत ओसरते. माझे मात्र काही महिने उलटले तरी थांबेना. दृष्ट काढणाऱ्या आमच्या घरात डॉक्टरांचे नाव प्रथम सासूबाईंनी काढले, कारण पहिल्या बाळंतपणात त्यांनी हेच एकटीने सोसले होते. अंगावर पाजताना चालेल अशी गोळी डॉक्टरांनी निवडली. ओळखीत कोणी बाळंतीण झाली की, बाळाचे वजन विचारण्याआधी आता आम्ही दोघी तिच्या झोपेची चौकशी करतो.

प्रतिसाद, परभणी :
वडील गेल्यावर शेती आणि कर्ज दोन्ही माझ्यावर आले. दवाखान्यात कोणी पाहील, ही धास्ती होती. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोन-मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून रात्रंदिवस विनामूल्य सुरू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. त्यांनी मला जिल्हा रुग्णालयात जायला सुचवले. बदल एवढाच, की कर्जाचा आकडा आता मी घरात लपवत नाही.

प्रतिसाद, पुणे :
मला नैराश्य दोनदा आले. दुसऱ्या खेपेनंतर सुरुवातीच्या खुणांची यादी मी पत्नीकडे दिली: पहाटे जाग येणे, मित्रांचे फोन न उचलणे, वर्तमानपत्र न उघडता ठेवून देणे. यांतल्या दोन दिसल्या की तिने विचारायचे आणि मी "काही नाही" म्हणायचे नाही, असे आमचे ठरले आहे. स्वतःला कणखर समजणाऱ्या मला पूर्वी हे पाळत ठेवल्यासारखे वाटले असते. गेल्या पावसाळ्यात तिने विचारले आणि त्याच आठवड्यात मी डॉक्टरांची वेळ घेतली.