मदत हवी आहे: विमानाच्या पत्र्यातला तडा बिनतारी सेन्सरने शोधताना घड्याळाचा आणि तापमानाचा घोळ

नमस्कार.

मी सोलापुरात इलेक्ट्रॉनिक्सच्या अंतिम वर्षाला आहे. रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्याच्या) भोकापासून सुरू होणारा तडा बिनतारी सेन्सरने टिपणे हा आमच्या गटाचा प्रकल्प आहे. १९८८ मध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत हवेतच उडून गेले, ते रिव्हेटच्या रांगेतले अनेक बारीक तडे एकमेकांना जाऊन मिळाल्यामुळे. तेव्हा तडा आहे एवढे कळून भागत नाही, तो कोणत्या भोकाशी आहे हेही सांगता यायला हवे, असे आम्ही ठरवले आणि तिथेच घोडे अडले.

मांडणी अशी आहे: २ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्याला आलटून पालटून ताण देणारे यंत्र आणि पत्र्यावर इपॉक्सीने चिकटवलेल्या चार पिझो चकत्या (कंपनाचे विजेत आणि विजेचे कंपनात रूपांतर करणाऱ्या). (विमानाला लागणारा २०२४ जातीचा पत्रा इथल्या बाजारात मिळेना म्हणून ६०६१ घेतला, हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढणाऱ्या वालचंद हिराचंदांच्या गावात ही गत!) तडा पुढे सरकताना उठणारी लहर आम्ही १०० ते ३०० किलोहर्ट्झमध्ये ऐकतो. शेजारच्या पॉवरलूमची धडधड टेबलापर्यंत येते, पण तिची कंप्रता फार खालची असल्यामुळे ती फिल्टरमध्येच अडते.

खरी अडचण घड्याळाची आहे. सेकंदाला १० लाख नमुने, प्रत्येकी १२ बिटचे, म्हणजे १ कोटी २० लाख बिट होतात, आणि आमचा झिगबी रेडिओ सेकंदाला जास्तीत जास्त अडीच लाख बिट पाठवतो. म्हणून प्रत्येक नोड (चकतीला जोडलेले, स्वतःचे घड्याळ आणि रेडिओ असलेले छोटे यंत्र) लहर पोहोचल्याची वेळ स्वतःच काढून तेवढीच पाठवतो. परंतु पत्र्यातली वेगवान लहर सेकंदाला सुमारे ५,४०० मीटर धावते, त्यामुळे दोन नोडच्या घड्याळांत १० मायक्रोसेकंदांचा फरक पडला तरी त्यांना जोडणाऱ्या रेषेवर तड्याची जागा २.७ सेंटीमीटरने सरकते, आणि आमची भोके २.५ सेंटीमीटर अंतरावर आहेत. म्हणजे बोट थेट शेजारच्या भोकाकडे जाते. २० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत २० इतका चुकू शकणारा, घड्याळाचा क्रिस्टल एका सेकंदातच २० मायक्रोसेकंद चुकू शकतो. सारखी घड्याळे जुळवत बसावे तर बॅटरी उतरते.

चारही चकत्या वीतभर तारांनी एकाच नोडला जोडाव्यात आणि फक्त नोड ते संगणक हा टप्पा बिनतारी ठेवावा, असे मला वाटते. सरांच्या मते मग प्रकल्प बिनतारी राहत नाही. माझे म्हणणे असे की विमानात वजन वाढते ते लांबच लांब तारांच्या जुडग्यांमुळे, वीतभर तारेने नव्हे. प्रत्यक्ष या क्षेत्रात काम करणारे यांपैकी काय करतात?

दुसरा प्रश्न तापमानाचा. यंत्र थांबलेले असताना आम्ही एका चकतीतून लहर सोडून बाकीच्यांवर ऐकतो आणि धडधाकट पत्र्याच्या जुन्या नोंदीशी ताडून पाहतो. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये जानेवारीच्या सकाळची नोंद एप्रिलच्या दुपारी, चाळिशीपार उन्हात, जुळतच नाही: लहर मंदावते, पत्रा प्रसरण पावतो, इपॉक्सी मऊ पडते आणि तडा नसतानाही तडा दिसतो. वेगवेगळ्या तापमानांच्या नोंदी साठवून जवळची निवडायची, हे ठाऊक आहे. पण २०० किलोहर्ट्झला त्या किती अंशांच्या अंतराने घ्याव्यात, आणि उरलेला फरक लहर कालाक्षावर ताणून भरून काढला तर चालेल का? धावपट्टीवरचे ऊन आणि उंचावरची उणे ५० अंशांची थंडी पाहता हा प्रश्न केवळ सोलापूरचा नसावा.

कृपया ‘वायफाय वापरा’ असे सुचवू नये. विमानातल्या अशा यंत्रणांसाठी २०१५ मध्ये ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरला असून त्यात रेडिओ अल्टिमीटरही (विमानाची जमिनीपासूनची उंची मोजणारे यंत्र) चालतो, आमचे २.४ गिगाहर्ट्झ फक्त टेबलापुरते आहे. कुणाला लहरींच्या नोंदी पाहायच्या असल्यास इथे चढवतो.