सारखं "चिडलास का?" विचारते मी, हे डिप्रेशन असेल का?

बडोदेकरीण: दांडिया बाजारात माहेरी असते, लग्न ठरलंय, तो नोकरीला सुरतेत. मेसेज बघूनही त्याने उत्तर नाही दिलं की माझ्या पोटात गोळाच येतो, मग तीन-तीनदा विचारते चिडलास का, तो नाही म्हणतो, दहा मिनिटं बरं वाटतं आणि परत तेच. महिना झाला धड झोप नाही, काल आईने सुरळीच्या वड्या केल्या, माझ्या एवढ्या आवडीच्या, तशाच ताटात राहिल्या.

सुरसागर_काठ: अगं तू एकटी नाहीयेस. जेम्स कॉइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्येच मांडलंय हे, उदास माणूस सारखा दिलासा मागतो, मिळाला तरी तो पटत नाही म्हणून परत मागतो, मग समोरचा थकून लांब जायला लागतो आणि उदासी अजून वाढते. माझं पहिलं नातं असंच गेलं, अजून वाईट वाटतं. आता विचारायची उबळ आली की फोन घरी ठेवून कमाटीबागेत चक्कर मारते, परत येईपर्यंत निम्मी ओसरते.

अनामिक: चक्कर मार पण तेवढ्यावर थांबू नको. दोन आठवड्यांच्या वर रोज मन उदास, कशात रस नाही, त्यात झोप-भूक गेलेली, तर डॉक्टरला दाखवायलाच हवं. तोवर १४४१६ ला फोन कर, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, रात्रीपण लागतो.

बडोदेकरीण: दादाला सगळं सांगितलं आत्ताच, उद्या तो सोबत येतोय डॉक्टरकडे.