दुभाजकाचा रस्ता दोन रेषांत मांडला. तपासणाऱ्याला आधीचे व नंतरचे चित्र कसे दाखवावे? मदत हवी आहे

नवसर्वेक्षक
ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही संपादता येणाऱ्या नकाशावर दुभाजक असलेला एक रस्ता एकाच रेषेने दाखवलेला होता. मी त्याच्या जागी दोन एकेरी रेषा काढल्या, नाव आणि वेगमर्यादा भरली व बदल चढवला. आता एका अनुभवी तपासणाऱ्याने लिहिले आहे की नेमके काय बदलले ते उमगत नाही, त्यामुळे हा बदल मागे घ्यावा लागेल. मी त्या रस्त्यावरून स्वतः गेलेलो आहे. दोन्ही चित्रे दाखवण्याचा मार्ग कृपया लवकर सांगावा.

पायवाट
अचावी या बदल दाखवणाऱ्या संकेतस्थळावर चेंजसेटचा (एकत्र चढवलेल्या बदलांच्या संचाचा) क्रमांक दिल्यास जुनी आणि नवी भूमिती वेगवेगळ्या रंगांत दिसते. परंतु जुनी रेषा आपण सरकवली की पुसली, आणि टिपणीत काय लिहिले, हे समजल्याशिवाय त्या तपासणाऱ्याचा आक्षेप रास्त आहे की नाही ते सांगता येणार नाही.

नवसर्वेक्षक
जुनी रेषा वेडीवाकडी होती, म्हणून आयडी या ब्राउझरमधील एडिटरमध्ये ती पुसली. टिपणी ‘रस्ता सुधारला’ अशी आहे. त्याच चेंजसेटमध्ये दुसऱ्या एका दूरच्या शहरातील दोन गल्ल्यांची नावेही दुरुस्त केली होती. त्याचा येथे संबंध नसावा.

दिशादर्शक
जेओएसएम हा संगणकावरचा एडिटर वापरला असता तर ही वेळ आली नसती. त्यातील ‘युटिल्सप्लगिन२’ या जोडणीमध्ये जुन्या रेषेला नवी भूमिती देण्याची सोय आहे, रेषेचा क्रमांक कायम राहतो आणि तिचा इतिहासही. गंभीर काम करणाऱ्याने आयडीवर थांबू नये.

मैलाचा दगड
हे मला मान्य नाही. आयडीमध्येही जुनी रेषा सरकवून तिची एक बाजू करता येते आणि दुसरी बाजू तेवढी नवी काढता येते. शिवाय पुसलेल्या रेषेच्या आवृत्त्या डेटाबेसमधून नाहीशा होत नाहीत.

दिशादर्शक
होत नाहीत, पण जुना क्रमांक ठाऊक असेल तरच त्या सापडतात. नव्या रेषेवरून मागे जाण्याची वाट उरत नाही, आणि तपासणारा नव्या रेषेवरूनच सुरुवात करतो.

छायाचित्रवाला
रेषा काढण्यापूर्वी उपग्रहचित्र जुळवून घेतले होते का? चित्र काही मीटर सरकलेले असणे नेहमीचेच आहे. अनेक जीपीएस मागांशी ताडून पाहिल्याखेरीज मी एकही रेषा हलवत नाही.

नवसर्वेक्षक
चित्र जुळवलेले होते. माझा प्रश्न त्याविषयी नाही.

पायवाट
गल्ल्यांचा संबंध आहे. दोन दूरच्या शहरांमुळे चेंजसेटची चौकट (सर्व बदल सामावणारा आयत) दोन्हींना कवेत घेते आणि मधल्या प्रदेशातील मंडळींनाही तो आपल्या भागातील बदल वाटतो. मात्र मला खरी काळजी वळणबंदीची वाटते. ती रिलेशनमध्ये, म्हणजे घटकांचा परस्परसंबंध नोंदणाऱ्या गटात असते आणि कोणत्या रेषेवरून, कोणत्या नोडपाशी (बिंदूपाशी), कोणत्या रेषेवर जायचे नाही हे त्यात नोंदलेले असते. रेषा पुसली की ती रिलेशनमधून गळते, बंदी अर्धवट राहते आणि मार्ग शोधणारी प्रणाली तिच्याकडे दुर्लक्ष करू शकते. नकाशाच्या चित्रात हे दिसत नाही, त्यामुळे दोन चित्रे शेजारी ठेवूनही तपासणाऱ्याचे समाधान होणार नाही. जुन्या रेषेची शेवटची आवृत्ती उघडून ती कोणत्या रिलेशनची सदस्य होती ते त्या रिलेशनच्या इतिहासातून पाहावे.

नवसर्वेक्षक
पाहिले. चौकातील उजवे वळण बंद असल्याची नोंद होती. तिच्या मागील आवृत्तीत जुनी रेषा आहे, आताच्या आवृत्तीत नाही. हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. सगळेच मागे घ्यावे का?

मैलाचा दगड
सगळे नको, गल्ल्यांची नावे बरोबर आहेत. जेओएसएमच्या रिव्हर्टर या जोडणीमध्ये निवडक घटकांपुरताच बदल उलटवता येतो. या बाबतीत दिशादर्शकांचे साधन खरोखर उपयोगी आहे. जुनी रेषा परत आणून तिची एक बाजू करावी, बंदी नव्या रचनेनुसार जोडावी आणि एकेरी टॅगची (गुणधर्माच्या नोंदीची) दिशा तपासावी, कारण ती रेषा काढण्याच्या दिशेवर ठरते. बंद झालेल्या चेंजसेटची टिपणी बदलता येत नाही, म्हणून त्याखालील चर्चेत हे सर्व लिहावे.

नवसर्वेक्षक
तपासणाऱ्याला कळवले आहे आणि आज रात्री फक्त या चौकापुरता वेगळा चेंजसेट करतो. टिपणी अशी चालेल का : ‘दुभाजक प्रत्यक्ष पाहून रस्ता दोन एकेरी रेषांत मांडला, पुसलेली रेषा परत आणली, उजव्या वळणाची बंदी पुन्हा जोडली’?

पायवाट
चालेल. जुन्या चेंजसेटचा क्रमांकही त्यात घालावा, आणि आयडीतील तपासणीची विनंती करणारी खूण करायला विसरू नये.