दहावीच्या वर्षी मुलीचे गाणे थांबवावे का?

प्रश्न – पार्लेकर
नमस्कार. आमच्याकडे आजेसासूबाईंपासून गाणे आहे; त्यांचा मिरजेहून आणलेला तंबोरा अजून वापरात आहे. मुलीची गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका ही गायनाची परीक्षा पूर्ण झाली असून यंदा ती दहावीत आहे. शास्त्रीय कलेच्या परीक्षांसाठी दहावीत मिळणाऱ्या वाढीव गुणांची सोय झाली, तेव्हा आता वर्षभर गाणे बंद ठेवावे, असे घरातल्या इतरांचे मत आहे. मला ते पटत नाही; पण शाळा आणि क्लास सांभाळून रियाजाला वेळ कुठून काढावा, हेही कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद – गायन शिक्षिका, दादर
यंदा मध्यमेचा, म्हणजे पुढच्या परीक्षेचा, फॉर्म भरू नये, मात्र रियाज सोडू नये. नव्या बंदिशी बाजूला ठेवून सकाळी वीस मिनिटे खर्ज (खालच्या सप्तकातले सूर) आणि पलटे (सुरांच्या उलटसुलट रचना), एवढे पुरे. तंबोरा तिचा तिलाच जुळवू द्या. तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकला की नाद खुलतो किंवा मिटतो, आणि हा फरक ओळखणारा कान मोठ्या खंडानंतर पुन्हा तयार करणे फार कष्टाचे असते. (पावसाळ्यात आपल्या हवेने तारा गंजतात, त्या बदलून घ्याव्यात.) विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईत गांधर्व महाविद्यालय काढले, ते गाणे सामान्य घरांत पोहोचावे म्हणून, गुणांचा हिशेब त्यात नव्हता.

प्रतिसाद – गिरगावकर
जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची गायकी गायिका मोगूबाई कुर्डीकरांकडे आली ती तालमीने, रक्ताच्या नात्याने नव्हे. आणि मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई आमोणकरांनी आईकडे शिकूनही आपली गायकी वेगळ्या वाटेने वाढवली. तेव्हा आजेसासूबाईंच्या नावाचे ओझे मुलीवर घालू नये. त्याऐवजी रविवारी सगळ्यांनी फोन दूर ठेवून एक राग संथ आलापापासून जलद लयीतल्या द्रुतापर्यंत सलग ऐकावा. ज्यांना गाणे बंद व्हावेसे वाटते, त्यांनी तर आवर्जून बसावे. संथ लयीच्या विलंबित ख्यालात समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट पाहण्यात केवढे सुख असते, हे ऐकल्याशिवाय उमगत नाही, आणि दिवसभर तुकड्यातुकड्यांत वाटल्या जाणाऱ्या आपल्या लक्षाला अशा बैठकीची नितांत गरज आहे.

प्रतिसाद – मुलुंडकर
मुलीला स्वतःला काय हवे आहे, हे प्रश्नात आलेले नाही. आधी तिला विचारावे.

प्रश्नकर्ती
तिला विचारले. तिला गाणे चालू ठेवायचे आहे, परंतु सकाळच्या शाळेमुळे संध्याकाळी बसण्याची तिची इच्छा आहे. चालेल का?

गायन शिक्षिका, दादर
अवश्य. जेवणाआधी बसू द्या, आणि खर्जाऐवजी यमन या संध्याकाळच्या रागाचे आलाप घ्यावेत.