मदत हवी आहे: धायरीत घरामागे बारमाही फुलझाडं लावायची आहेत, सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी,

धायरीत रो-हाऊस घेतलंय. मागे ३० फूट लांब, १० फूट रुंद पट्टा मोकळा आहे. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत कडक ऊन, मग शेजारच्या इमारतीची सावली. सासूबाईंना रोजच्या पूजेला घरची फुलं हवीत, आणि मला दर हंगामाला झेंडू-अ‍ॅस्टरची रोपं लावत बसायचं नाहीये. एकदा लावलं की वर्षानुवर्षं टिकेल असंच हवंय.

मनात असलेली झाडं: लाल जास्वंद, डबल तगर, मोगरा, पारिजातक, अनंत, कडेने निशिगंधाचे कंद, कुंपणावर मधुमालती. शिवाय सासूबाईंच्या आग्रहाखातर लाल कण्हेर.

घोडं अडलंय मातीपाशी. वर चार बोटं काळी माती, कुदळ मारली की खाली विटांचे तुकडे, मुरूम आणि सिमेंटचे गोळे. परवा एक खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतलं. संध्याकाळी बघते तर निम्मं पाणी तसंच. पाणीही बोअरचं, तोटीवर पांढरी पुटं चढतात. नर्सरीवाला म्हणतो, दोन ब्रास लाल माती टाका, काम झालं. खरंच होईल? आणि लावायचं कधी, आत्ता मे महिन्यात की मृग लागल्यावर?

बागकाका: ताई, दोन ब्रास म्हणजे २०० घनफूट, तुमच्या ३०० चौरस फुटांवर आठ इंचांचा थर. हिशोब बरोबर आहे, पण तळ न फोडता टाकलीत तर ती माती बशीतल्या चहासारखी पावसाळाभर ओली राहील. निशिगंधाचे कंद कुजतील, मोगराही रुसेल. आधी दीड फूट खणून राडारोडा काढा आणि पहारीने तळाचा मुरूम फोडा. सिमेंटचे गोळे वेचून बाहेर टाका, त्यातल्या चुन्यानेच माती बिघडते. मग निघालेली काळी माती, कुजलेलं शेणखत आणि लागेल तेवढीच लाल माती मिसळून वाफा जमिनीपासून आठ-नऊ इंच उंच ठेवा. खणायचं काम आत्ताच उरका, माती वैशाखाच्या उन्हात तापू द्या. रोपं मात्र दोन-तीन चांगल्या सरी पडून गेल्यावरच.

अनंत गाळा. चुनखडीची माती आणि बोअरचं जड पाणी त्याला सोसत नाही. लोह मिळेनासं होतं, मग शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं. हौस असेलच तर कुंडीत लावा, पावसाचं पाणी साठवून घाला. मोगऱ्याला जानेवारीत पाणी तोडा, छाटा, मग खत-पाणी सुरू करा. उन्हाळ्यात ओंजळी भरतील.

कुंदकळी: घरात लहान मूल आहे का गं? कण्हेरीचं पान, फूल, चीक, सगळंच विषारी.

मूळ प्रश्नकर्ती: मुलगी तीन वर्षांची आहे, दिसेल ते तोंडात घालते. कण्हेर रद्द! सासूबाईंना काय सांगू पण?

कुंदकळी: कुंद लाव म्हणावं. थंडीत मोगरा गप्प असतो तेव्हा हाच पूजेला उपयोगी पडतो. पारिजातक पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्या आसपासपर्यंत सडा घालेल. जास्वंद आणि तगर तर जवळजवळ वर्षभर. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की समज पिठ्या ढेकूण आलाय. पाण्याचा जोरदार फवारा मार, मग कडुनिंबाचं तेल. आणि मधुमालती कुंपणावर नको, वर्षा-दोन वर्षांत शेजाऱ्यांच्या गच्चीत पोचेल. त्यापेक्षा जुई लाव, आवरता येते.

मूळ प्रश्नकर्ती: काका, ताई, खूप आभार. रविवारी खणायला माणूस येतोय. पारिजातक घराच्या भिंतीपासून किती लांब ठेवू? पट्ट्याच्या टोकाला सेप्टिक टँक आहे, तिथे नकोच ना?

बागकाका: टँकजवळ अजिबात नको. भिंतीपासून सहा-सात फूट सोडा, म्हणजे कुंपणाकडच्या कडेला. जास्वंदी एकमेकींपासून पाच फुटांवर लावा. आत्ता ओकंबोकं दिसेल, दिसू दे.