आईसोबत बघायला पुढची ॲनिमे सुचवा. प्रेमाचा गुंता चालेल, पण माणसं जागची हलली पाहिजेत

वाळ्याची_ताटी

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, खाली ‘तोराडोरा’ या ॲनिमेचा (जपानी कार्टून मालिकेचा) शेवट लिहिलाय. बघायची असेल तर इथूनच परत फिरा.

एप्रिलमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. जिना बंद, आणि बाहेर तर तसंही नागपूर तापलेलं. टीव्हीवरच्या मालिकांना ती पंधरा दिवसांत विटली. (“दोन वर्षं झाली, त्या बाईचं मंगळसूत्र अजून तुटूनच राहिलं आहे.”) एका रात्री मी लॅपटॉपवर तोराडोरा लावली होती, तर तिनं पलंगावरून मान वळवली. २००८-०९ची मालिका, २५ भाग. दहा दिवसांत संपली.

आईला इंग्रजी सबटायटल्स त्या वेगानं वाचता येत नाहीत. मी वाचून मराठीत सांगते, तेही कूलरच्या आवाजावर ओरडून. चौथ्या दिवशी सकाळी दूध घ्यायला खाली गेले तर शेजारच्या काकू विचारतात, “मग, सांगितलं का त्यानं त्या वाघिणीला?” गॅलरीत बसून रोज ऐकत होत्या! आता त्या स्वतःची खुर्ची घेऊनच येतात.

वाघीण म्हणजे ताइगा. इतकुशी पोरगी, पण लाकडी तलवार घेऊन रात्री दुसऱ्याच्या घरात घुसते, कारण प्रेमपत्र चुकीच्या दप्तरात गेलं. (पाकीट रिकामंच होतं, पत्र आत घालायला विसरली होती.) दप्तर र्‍युजीचं. डोळे गुंडासारखे आणि छंद कोपऱ्यातली बुरशी खरवडून काढायचा. त्याला तिची मैत्रीण मिनोरी आवडते, तिला त्याचा मित्र कितामुरा. दोघं एकमेकांना मदत करायचं ठरवतात आणि पुढे काय होणार ते काकूंना दुसऱ्याच भागात कळलं होतं.

आमच्याकडे भांडण झालं ते मिनोरीवरून. मला ती ग्रेट वाटली, मैत्रिणीसाठी मागे सरली. आई म्हणाली, “ग्रेट कसली? सगळ्या पंगतीला वाढत राहिली आणि पान मांडल्यावर म्हणते मला भूकच नाही. खोटं बोलली ती. दोघांशीही.” आता मला तो ख्रिसमसचा एकोणिसावा भाग पूर्वीसारखा बघताच येणार नाही.

आणि आई रडली कुठे, तर र्‍युजीची आई यासुको इतक्या वर्षांनी स्वतःच्या आईवडिलांसमोर उभी राहते तिथे. पोटात पोर घेऊन शाळकरी वयात घर सोडलेली बाई. आईनं मला थांबवायला सांगितलं, पाणी मागितलं. ते आणेपर्यंत डोळे पुसून झाले होते. शेवटी ताइगा र्‍युजीला सोडून आपल्या आईकडे जाते यावर मी जाम चिडले होते. आई शांतपणे म्हणाली, “बरोबर केलं तिनं. पळूनच गेली असती तर यासुकोचीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली असती.” मी ही मालिका तीनदा पाहिलीय. हे मला सुचलं नव्हतं.

तर असं काहीतरी हवंय. भाग कितीही असू देत, पण गोष्ट पूर्ण झालेली हवी, आणि काकूंसमोर मला लॅपटॉप धाडकन मिटावा लागणार नाही अशी. एका पोराभोवती सात पोरी नाचतात, तेही नको.

एक_प्लेट_तर्री

आधी आईंना इथे आयडी काढून द्या. ते पंगतीचं वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे.

सल्ला: ‘कागुया-सामा’. २०१९ची. दोघं हुशार, दोघांचं एकमेकांवर प्रेम, पण आधी बोलेल तो हरला. म्हणजे आपल्याकडच्या बिलाच्या वेळच्या मारामारीचं उलटं.

वाळ्याची_ताटी

@तर्री, करून पाहिलं, पहिला अर्धा भाग. त्यातला निवेदक ज्या वेगानं बोलतो त्या वेगानं मराठीत सांगता सांगता माझा घसा बसला. शिवाय विनोद शब्दांतले. मी समजावून सांगेपर्यंत पुढचे तीन निघून गेलेले असतात.

पोट्टी_इतवारीची

ताई, डोळे मिटून ‘फ्रूट्स बास्केट’ लावा. पण नवीन, २०१९ ते २०२१ वाली. तीन सीझन, ६३ भाग, गोष्ट पुरी. २००१ची जुनी २६ भागांची लावू नका, थे अर्ध्यातच राह्यली हाय.

पयले सात-आठ भाग काकू म्हणतीन, हे काय पोराइचं लावलं. मिठी मारली का एकाचा उंदीर होते, एकाचं मांजर. थांबा पण. पोरीचे मायबाप वारले, तंबूत राहते, मायचा फोटो घेऊन. अन् ह्या शापवाल्या घरात येऊन एकेकाले उभं करते. क्यो अन् युकी, दोघाइचंही तिच्यावर मन. आपल्याले वाटते आता दोन सीझन नुसती ओढाताण. तसं होत नाही! युकीले एक दिवस उमजते का, आपल्याले ह्या पोरीत नेमकं काय दिसून राह्यलं होतं. काय थे सांगत नाही. थो भाग पायला अन् मी रात्री साडेअकराले माह्या मायले फोन लावला. माय म्हणे, काऊन वं, पैसे संपले का?

एक सांगून ठेवतो, त्यात मोठ्यानं लहान पोराले अंधारात कोंडणं वगैरे हाय. काकूंले आधी सांगजा.

मिहान_रात्रपाळी

‘नाना’. २००६-०७, ४७ भाग. एवढीच खरी आहे, बाकी सगळी शाळेची पोरं.

एक_प्लेट_तर्री

ताईंच्या दोन अटी होत्या. दोन्ही मोडल्यात तुम्ही, एका ओळीत.

मिहान_रात्रपाळी

माहीत आहे. माझी सूचना आईसाठी नाही, वाळ्याच्या ताटीसाठी आहे. आई झोपल्यावर बघ. मूळ मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, २००९पासून लेखिकेच्या आजारपणामुळे थांबलेली आहे, तेव्हा शेवट मिळणार नाही हे धरून बस.

बर्फात अडकलेल्या टोकियोच्या गाडीत दोन मुली शेजारी बसतात. दोघी विशीच्या, दोघींचं नाव नाना. पुढे ७०७ नंबरच्या खोलीत एकत्र राहतात. एक बँडमध्ये गाते. दुसरी प्रत्येक नव्या ओळखीत ‘हाच तो’ बघते. तिला पहिली ‘हाची’ म्हणते, कुत्र्याच्या पिल्लाला म्हणावं तसं. ही हाची पुढे एक निर्णय घेते, आणि तिथे निम्मे प्रेक्षक तिला शिव्या घालतात. मीपण घातल्या होत्या, तेव्हा मी कॉलेजात होते. नंतर नोकरी लागल्यावर रात्रपाळीच्या ब्रेकमध्ये कँटीनमध्ये बसून परत पाहिली, तेव्हा तोच भाग संपल्यावर माझ्या हातातला चहा थंड झाला होता. ती मूर्ख नाही. ती दमलेली आहे, आणि जो दार उघडं ठेवून उभा आहे त्याच्या घरात जाते. प्रेम ज्याच्यावर आहे तो भाड्याच्या खोलीत अजून गिटार लावतोय. इथल्या किती मुलींनी असंच केलं आणि आपण हॉलमध्ये अक्षता टाकून, जेवून आलो, ते आठवा.

पोट्टी_इतवारीची

हाची लबाड हाय. मी मरेपर्यंत हेच म्हणीन.

मिहान_रात्रपाळी

तू अजून कॉलेजात आहेस ना?

पोट्टी_इतवारीची

हो. मंग?

झिरो_माईलवाला

मी प्रेमाची मालिका बघताना जोडी जमते का हे बघतच नाही. जो हरतो त्याचं पुढे काय होतं ते बघतो. बऱ्याच ठिकाणी त्याला सरळ पडद्याबाहेर काढतात, नाहीतर शेवटच्या भागात घाईघाईनं कुणीतरी चिकटवून देतात. मग समजायचं, लेखकाला माणसं नको होती, अडथळे हवे होते.

म्हणून ‘हनी अँड क्लोव्हर’. २००५चे २४ आणि २००६चे १२ भाग. कला महाविद्यालयातली पाच मंडळी, आणि जवळजवळ सगळेच हरणारे. यामादाचं मायामावर प्रेम, मायामाचं वयानं मोठ्या, नवरा गेलेल्या रिकावर. एक प्रसंग आहे. यामादाला दारू चढली आहे आणि मायामा तिला पाठीवर घेऊन घरी सोडायला निघालाय. ती पाठीवरूनच पुन्हा पुन्हा सांगते, तू मला आवडतोस. तो नुसता हं, हं करत चालत राहतो, शेवटी आभार मानतो. तेवढंच. ओरडणं नाही, पाऊस नाही. त्याच्या खांद्यावरची तिची मूठ बघत राहावंसं वाटतं.

आणि ताकेमोतो. त्याला काहीच सुचेनासं झाल्यावर एक दिवस सायकल काढतो आणि मागे न बघता जपानच्या उत्तर टोकाला, सोया भूशिरापर्यंत जातो. वाटेत एका देवळाच्या डागडुजीच्या कामावर राहतो, राबतो, जेवतो. परत येतो तेव्हा त्याला जे बोलायचं असतं ते बोलता येतं. हे पाहून मीसुद्धा एका अशाच उन्हाळ्यात झिरो माईलपासून सायकल काढली होती. मनसरच्या अलीकडे पंक्चर. एका टेम्पोवाल्यानं सायकलीसकट घरी आणून सोडलं. बोलायचं ते राहूनच गेलं.

शेवट बऱ्याच जणांना पटत नाही. मलाही पूर्ण पटलेला नाही. तरी बघा.

अंबाझरी_काका

माझं वय इथे सर्वांत जास्त असावं. ताई, तुमच्या घरच्या प्रेक्षकांसाठी एकच नाव आहे: ‘मेझॉन इक्कोकू’. १९८६ ते ८८, ९६ भाग. मूळ मांगा रुमिको ताकाहाशींची. चित्रं जुनी दिसतील, आईंना त्याचं काही वाटणार नाही.

जुनं लाकडी घर, त्यात खोल्या भाड्यानं. आपल्या महाल भागातल्या वाड्यासारखंच समजा. भिंतीला भोक पाडून शेजारच्या खोलीत येणारा एक भाडेकरू आहे, दुपारपासून पिऊन पंखे घेऊन नाचणारी एक काकू आहे, आणि मध्ये अभ्यासाला बसलेला गोदाई. प्रवेश परीक्षेत नापास होऊन पुन्हा बसणारा. नागपुरात क्लासेसच्या गल्लीत ‘ड्रॉप घेतलाय’ म्हणणारी पोरं पाहिलेल्या कुणालाही तो लगेच ओळखू येईल. पहिल्याच भागात तो बाडबिस्तरा बांधून निघालेला असतो, तेवढ्यात घराची नवी व्यवस्थापक दारात येते, क्योको. त्याच्याहून थोडी मोठी. आणि विधवा. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं.

पुढचे ९६ भाग गोदाई मोठा होतो. ‘मोठा होतो’ म्हणजे शब्दशः. परीक्षा, फुकट गेलेले इंटरव्ह्यू, लहान मुलांमध्ये सापडलेलं काम. त्याचा प्रतिस्पर्धी मिताका देखणा, श्रीमंत, टेनिस शिकवणारा, दात चमकवत हसणारा, आणि त्याला कुत्र्यांची प्रचंड भीती. क्योकोकडे कुत्रा आहे. त्या कुत्र्याच्या नावाकडे लक्ष ठेवा, एवढंच सांगतो.

मला हलवून गेलं ते क्योकोचं. तिला नव्यानं कुणी आवडू लागलं की ती त्याच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त चिडते. गेलेल्या माणसाशी बेइमानी होते की काय, या धास्तीनं. माझी धाकटी आत्या तेविसाव्या वर्षी परत आली होती आमच्या घरी. तिच्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही की तिला काय वाटतं. असो.

झिरो_माईलवाला

काका, मालिका थोर आहे, मान्य. पण गोदाईनं त्या कोझुए नावाच्या मुलीला किती काळ लटकवत ठेवलं? ना धड हो, ना धड नाही. माझी कसोटी लावली तर तो तिथे नापास.

अंबाझरी_काका

नापास. मी वकिली करणार नाही. एवढंच म्हणतो की मालिका त्याला त्यातून सुखरूप सुटू देत नाही, किंमत वसूल करते. आणि हो, घरात सगळ्यांत मिळून एक फोन आहे. निम्मे गैरसमज त्या फोनमुळे. मोबाईल असता तर ९६चे ३० भाग झाले असते.

एक_प्लेट_तर्री

(वरचा एक प्रतिसाद संपादकांना सांगून उडवला. एका महाशयांनी इक्कोकूचा शेवट एका वाक्यात लिहून टाकला होता, वर हसणारे तीन चेहरे. चाळीस वर्षं जुनी मालिका असली म्हणून काय झालं, ताईंच्या आईंसाठी ती आजचीच आहे.)

वाळ्याची_ताटी

धन्यवाद, माझ्या नजरेतून सुटला. खरंच.

तर अहवाल. गेल्या आठवड्यात इक्कोकू सुरू केली. आठ भाग झाले.

पहिली अडचण भाषांतराची. गोदाई क्योकोला नावानं हाक मारतच नाही, ‘कानरिनिन-सान’ म्हणतो, म्हणजे व्यवस्थापक. मी ‘मॅनेजर मॅडम’ म्हणून बघितलं. आई म्हणाली, बँकेत आल्यासारखं वाटतं. ‘मालकीणबाई’ म्हटलं तर काकूंनी हरकत घेतली, घर सासऱ्यांकडचं आहे, तिचं कुठे आहे? शेवटी काकूंनीच सोडवलं. “नुसतं ‘बाई’ म्हण. आमच्या वाड्यात भाडं घ्यायला यायच्या त्यांना आम्ही बाईच म्हणायचो.” तेव्हापासून गोदाई “बाई, अहो बाई” करत जिन्यावरून धडपडतो, आणि ते इतकं चपखल बसलंय की मला आता मूळ जपानी आवाजच उपरा वाटतो. तो तिला नावानं हाक कधी मारतो याची आम्ही तिघी वाट बघतोय. कृपया कुणी भाग क्रमांक सांगू नका.

कुत्र्याच्या नावाचं कोडं आईनं माझ्या आधी ओळखलं. इथे लिहीत नाही. ओळखल्यावर ती काहीच बोलली नाही, काकू पण नाहीत. (काकूंचे मिस्टर जाऊन अकरा वर्षं झाली. मला हे आधी सुचायला हवं होतं. मी घाबरून विचारलं, बंद करू का? त्या म्हणाल्या, “काऊन? कूलरमध्ये पाणी टाक, आवाज बदलला त्याचा. अन् पुढचा लाव.”)

मिताका आल्यापासून मात्र घरात दोन पार्ट्या पडल्यात. आई गोदाईकडून. काकू म्हणतात, मुलगा चांगला आहे पण पोटापाण्याचं काय, टेनिसवाल्यात खोट काय आहे? रोज एका भागानंतर अर्धा तास हाच वाद. त्यामुळे दोनच भाग होतात, आणि ९६ संपायला अजून दीड महिना तरी लागेल. गुडघा त्याच्या बराच आधी बरा होणार आहे, डॉक्टर म्हणाले.

@मिहान, ‘नाना’चे तीन भाग काल रात्री एकटीनं पाहिले. हेडफोन लावून. हाचीबद्दल अजून मत नाही.

@पोट्टी, फ्रूट्स बास्केट यानंतर, नक्की. काकूंना उंदीर-मांजराचं सांगितलं, त्या म्हणाल्या “चालते.”