अनुभव धागा: जादा माल, सैल बांधणी आणि आपण

साखर कारखान्यांचे भोंगे वाजले की आमच्या सांगली-इस्लामपूर भागात अंधार पडल्यावर दुचाकीवर निघायची भीती वाटते. दोन हंगामांपूर्वी माझा धाकटा भाऊ रात्री साडेआठच्या सुमारास घरी येत होता. वाटेत पंक्चर झालेली उसाची ट्रॉली जॅकवर चढवून रस्त्यातच सोडलेली. ड्रायव्हर चाक घेऊन गावात गेला होता. मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर होता, पण लोंबणाऱ्या कांड्यांनी झाकलेला. समोरून आलेल्या गाडीचा झोत डोळ्यांवर पडला आणि ट्रॉली दिसली तेव्हा तो तिच्यावर आदळला होता. जबड्याच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. डावा डोळा गेला.

तुम्ही काय पाहिलंत, सोसलंत, ते लिहा. गाडी चालवणाऱ्यांनीही लिहा. त्यांच्याशिवाय हे अर्धंच राहील.

रानवाट:
डबल ट्रॉलीबद्दल, म्हणजे एका ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या. आमच्या गावाजवळच्या चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललेलं मी स्वतः पाहिलंय. पुढची चाकं जमिनीला टेकत नाहीत तेव्हा स्टिअरिंग फिरवून काही होत नाही. मागची ट्रॉली हेलकावे खात राहते, तिला वेगळा ब्रेकही नसतो. त्यात साइडपट्टी खचलेली असली की ऊस उंच रचलेली ट्रॉली एका चाकावर कलते. शेजारून शाळेची पोरं सायकलवर जात असतात.

खाडीकाठ:
कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघालेला टेम्पो. सळया मागे कितीतरी बाहेर, टोकाला लाल फडकं. दिवसा फडकं दिसतं, रात्री नाही. माझ्या सहकाऱ्याच्या रिक्षात सळई काच फोडून आत आली. तो वाकला म्हणून खांद्यावर निभावलं.

चाकोरी:
ताई, तुमच्या भावाचं वाचलं आणि बराच वेळ काही लिहवेना. मी बावीस वर्षं ट्रक चालवला, आता गुडघ्यांमुळे घरी आहे. कोल्हापूरहून गूळ घेऊन पुण्याला येत होतो. पासिंगपेक्षा, म्हणजे गाडीला मंजूर वजनापेक्षा, पाच टन जास्त होते. मालक म्हणाला, नेहमीचंच आहे. खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतार आणि वळणं लागतात, तिथे ब्रेक दाबला तर गाडी धरेना. केबिनमध्ये ब्रेकचे लायनर जळाल्याचा वास. गिअर उतरवत डोंगराच्या बाजूला गाडी घासली, तेव्हा थांबली. पुढे कुटुंबाची जीप होती. तिच्या मागच्या काचेतून एक मुलगी माझ्याकडे बघत होती. तो चेहरा अजून जात नाही.

मालासकट गाडीचं वजन दीडपट झालं की उतारावर ब्रेकनी सोसायची उष्णताही निदान दीडपट. ड्रम तापला की पाय कितीही दाबा, पकड येत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येताना तर उतार जाणवतच नाही, रस्ता सपाट वाटतो. तिथे डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे मी पाहिलेत, तरुणपणी मीही केलंय. नव्या पोरांना माझं एकच सांगणं: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आणि माल भरताना स्वतः उभे राहा. सगळं वजन मागे टाकलं की पुढची चाकं हलकी होतात, एका अंगाला टाकलं की वळणावर गाडी त्या अंगाला ओढते. रस्सा पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचा, कारण माल बसतो आणि रस्सा ढिला पडतो.

वजनकाटा:
खडी क्रशरवर काट्याच्या पावत्या फाडायचो. भाडं टनावर ठरतं, म्हणून सगळे जास्तच भरतात. कमी भरणाऱ्याचा गाडीच्या कर्जाचा हप्ता निघत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २० हजार रुपये दंड, वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडायची नाही. २०१८ मध्ये दहा टायरी, तीन आसांच्या ट्रकची एकूण मर्यादा २५ वरून २८.५ टन झाली. मला वाटलं, आता ओढाताण थांबेल. आमच्याकडे लोक २८.५ च्याही वर भरू लागले. मी दोनदा पावती द्यायला नकार दिला, तिसऱ्यांदा मला काढलं.

पाटोद्याची लेक:
दिवाळीनंतर आमच्या बीडकडून टोळ्या ऊसतोडीला निघतात. ट्रकमध्ये खाली धान्याची पोती, सरपण, पेट्या, आणि त्यावर माणसं. मी सहा वर्षांची होते. वळणावर पत्र्याची पेटी घसरली. आईने मला ओढलं आणि तिचा हात पेटीखाली आला. मनगट पुन्हा सरळ झालं नाही. तरी तिने पूर्ण हंगाम तोड केली, कारण मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली होती. मुकादमाने दवाखान्याचे पैसे त्याच उचलीत वाढवले. आमच्यासारख्यांची गणती या धाग्यावर व्हावी म्हणून लिहिलं.

धागाकर्ती:
ताई, बरं झालं लिहिलंत. चाकोरी दादा, तुमचा मजकूर भावाला वाचून दाखवला. तो आणि त्याचे तीन मित्र यंदा आमच्या फाट्यावर संध्याकाळी उभे राहून ट्रॉल्यांना लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावतात, अगदी खाली, जिथे कांड्या पोचत नाहीत. काल एक ड्रायव्हर स्वतःहून थांबला, खाली उतरला आणि मागे लोंबणारा ऊस कोयत्याने छाटू लागला. भावाने त्याच्यासाठी बॅटरी धरली.